पिग्मीवाली चालत येते

पिग्मी गोळा करणाऱ्याला गाडी लागतेच, असं आमच्या पतसंस्थेच्या शाखेतले सगळे म्हणत. त्यात खोटं काही नाही. रोज दुकानोदुकानी जायचं, वीस-पन्नास-शंभर रुपये घ्यायचे, मशीनमधून पावती काढून हातात द्यायची आणि पुढं व्हायचं. जितकी खाती जास्त तितकं कमिशन जास्त, आणि मोटरसायकलवाल्या एजंटाची खाती माझ्याहून जास्त असणारच. तरी गेली बरीच वर्षं गडमुडशिंगी, गांधीनगरची बाजारपेठ आणि उचगावच्या काही गल्ल्या एवढ्या टापूत मी हे काम गाडीशिवाय करते. सायकलही नाही. पायी, केएमटीनं, वडापनं, आणि कधीमधी वळिवड्याहून रेल्वेनं.

कारण साधं आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला आकडी आली. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग मिरजेला नेलं. आमच्या भागात मोठं दुखणं अंगावर आलं की मिरज गाठायची ही रीत जुनी आहे. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासूनची. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, की विहिरीवर एकटीनं जायचं नाही, विस्तवापुढं एकटीनं बसायचं नाही, जागरण नको, कडक उपास नको आणि गाडी चालवायची नाही. मी विचारलं, "सायकल?" ते म्हणाले, "रहदारीत तीही नको." वाहन परवान्याच्या अर्जासोबत तब्येतीची माहिती आपली आपण लिहून द्यावी लागते. तिच्यातला पहिलाच प्रश्न फेफऱ्याचा आणि अचानक शुद्ध हरपण्याचा आहे. तिथं 'नाही' लिहून परवाना काढलेली माणसं मला माहीत आहेत. मी तसं केलं नाही. मी गाडीवर असताना शुद्ध गेली तर माझ्यापुढं चालणारं लेकरू कुणाचंतरी असणार.

गडमुडशिंगी करवीर तालुक्यात, कोल्हापूरहून हुपरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका अंगाला उचगाव आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगर, तिसरीकडं विमानतळ, आणि हुपरीच्या दिशेनं पुढं वसगडे. गाव म्हणावं तर ग्रामपंचायत आहे, गोठे आहेत, घराच्या मागं ऊस आहे. शहर म्हणावं तर अपार्टमेंट आहेत, कापडाची गोदामं आहेत, गोकुळ दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे, आणि भाड्याच्या खोल्यांत राहून गोकुळ शिरगावच्या, कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं आहेत. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ साली महानगरपालिका झाली. तिच्या हद्दवाढीचा विषय निघाला की आमच्यासारख्या गावांची नावं यादीत येतात आणि गावं विरोधाला उभी राहतात. तो वाद इथं काढायचा नाही. मला चालताना दिसतं ते एवढंच, की आमच्या माणसांचं जाणं-येणं शहराचं झालं आणि पायाखालची कडेची पट्टी गावाचीच राहिली.

पिग्मीची मूळ कल्पनाच चालत्या माणसाची आहे. डॉक्टर टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेनं, जी पुढं सिंडिकेट बँक झाली, १९२८ साली ही योजना काढली. विणकर आणि हातावर पोट असलेली माणसं बँकेपर्यंत येत नाहीत, तर बँकेच्या माणसानं त्यांच्या दारात जावं आणि दिवसाचे दोन आणे घेऊन यावेत. पुढं आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती उचलली. आज हॉटेलात, सलूनमध्ये, भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, तरी पिग्मी चालू आहे. मोबाइलवरून पैसे टाकायला कुणी अडवलेलं नसतं, पण कुणी मागायला येतही नाही. मी येते म्हणून ते पन्नास रुपये बाजूला पडतात. शंभर रुपयांमागं मला मिळतात ते दोन-तीन रुपये या येण्याचे आहेत, असं मी धरते.

सकाळी पहिली फेरी गावठाणात. किराणा, गिरणी, दूध संस्था, चहाची टपरी, दुधाच्या बिलावर संसार चालवणाऱ्या बायका. गोकुळचं बिल दहा दिवसांनी होतं, त्यामुळं माझ्या वहीला दहा दिवसांची भरती-ओहोटी असते. बिल झालं की म्हशीवाल्या मामी स्वतः हाक मारतात, "काकी, हिकडं या, आज दोनशे घ्या." आठव्या-नवव्या दिवशी त्याच मामी दारातून नुसती मान हलवतात. मी पुढं जाते. त्यावर काही बोलायचं नसतं.

दुपारी गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार माणसं तिथं राहिली. फाळणीनंतर याच जागी सिंधी कुटुंबं वसली आणि त्यांनी कापडाची घाऊक बाजारपेठ उभी केली. ती आता वळिवडे, उचगाव आणि गडमुडशिंगीच्या जमिनीवर इतकी पसरली आहे, की कुठल्या पायरीवर कुठल्या गावची हद्द लागते ते घरपट्टीच्या पावतीवरूनच कळतं. माझी खाती मोठ्या पेढ्यांत नाहीत. ती आहेत हमालांची, गठ्ठे शिवणाऱ्यांची, फॉल-पिको करणाऱ्या मुलींची, चहा पोचवणाऱ्या पोरांची. ही सगळी माणसं माझ्यासारखीच चालणारी. बाजारात आलेला टेम्पो आणि चारचाकी सगळ्यांच्या नजरेत भरते, पण गठ्ठा टेम्पोतून उतरल्यावर पुढं जातो तो पाठीवरून किंवा हातगाड्यावरून.

मुडशिंगीहून कोल्हापूरला जायचं तर केएमटी. कोल्हापूरची ही शहर बससेवा १९६२ पासून आहे आणि ती शहराची हद्द ओलांडून आसपासच्या गावांतही जाते. सकाळच्या बसमध्ये कोण कुठं उतरणार ते मला सांगता येतं. बुट्ट्या घेतलेल्या बायका लक्ष्मीपुरीला किंवा कपिलतीर्थ मार्केटला, औषधाची पिशवी आणि फाइल छातीशी धरलेला म्हातारा सीपीआर हॉस्पिटलला, युनिफॉर्मवाल्या मुली राजारामपुरीला. गर्दीचं माझं गणित ठरलेलं आहे. शाळेच्या वेळेला चढायचं नाही, कारण पिशवीत रोकड असते आणि उभं राहून प्रवास केला की दोन्ही हात दांडीला अडकतात. शाळेची गर्दी ओसरली की बस अर्धी रिकामी होते. मग पुढच्या दाराजवळची, कंडक्टरच्या नजरेतली जागा धरायची. ज्यांना गाडी आहे त्यांना वाटतं, बसनं जाणारा वाट बघण्यात वेळ घालवतो. वाट बघणं हे माझ्या कामातलंच एक काम आहे. थांब्यावर मी मशीनचा हिशोब जुळवते, नोटा लावते, उद्या कुणाकडं मुदत संपते ते बघते, आणि नवी खाती तर बहुतेक थांब्यावरच मिळालेली आहेत. शेजारी उभारलेली बाई विचारते, "हे यंत्र कशाचं ओ?" आणि बोलणं सुरू होतं.

हुपरीकडून येणारी एसटी मिळाली तर तीही घेते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना तिकीट निम्मं झालं आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच, २०२२ साली, मोफत. याचा परिणाम मी वहीत बघितला आहे. माहेरी जायला सणाची वाट बघणाऱ्या बायका मधल्याच वारी जाऊन येऊ लागल्या, आणि एका आजींनी तर आमच्या पतसंस्थेत येऊन ठेवीची मुदत स्वतःच्या सहीनं वाढवली. तोवर त्यांच्या वतीनं नातू सही घेऊन जायचा.

वडापचं, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या खासगी गाडीचं, वेगळं. तिला वेळापत्रक नाही, ती भरली की निघते. "अजून दोन शीट, दोन शीट" म्हणत पोरगा ओरडत असतो, आत आपण गुडघे आवळून बसलेलो असतो आणि ते दोन शीट येईपर्यंत ऊन चढतं. वडापवाल्यांना कायद्याची माणसं नावं ठेवतात. खचाखच भरतात हे खरंच आहे आणि ते मलाही पटत नाही. पण रात्री साडेआठला बाजारातून बाहेर पडलेल्या फॉल-पिकोच्या मुलींना घरी कोण पोचवतं, हेही कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. ते पोचवतात. ड्रायव्हरला मुलीचं घर माहीत असतं आणि तिच्या बापाचं नावही.

मिरजेला तपासणीला जायचं असलं की मी वळिवड्याचं स्टेशन गाठते. मुडशिंगीतून गांधीनगरमार्गे पाऊणएक तास चालणं. कोल्हापूरची रेल्वे १८९१ ची, संस्थानाच्या पैशानं झालेली. पॅसेंजर रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत मिरजेत जाते. कोरोनात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि नंतर सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या दरानं. कमीत कमी तिकीट दहाचं तीस झालं. ते पुन्हा दहा झालं २०२४ च्या फेब्रुवारीत. वीस रुपयांचा हा फरक वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात आला असेल. माझ्या काही खातेदारांनी त्या वर्षांत मिरजेचा दवाखाना दोन महिन्यांवरून चारवर नेला होता. गोळ्या मात्र रोजच्या रोज लागतात, त्यांना तिकीट कळत नाही.

बस, वडाप, रेल्वे या सगळ्यांत बसण्याआधी आणि उतरल्यानंतर चालावं लागतं. सगळी अडचण तिथंच आहे. आमचा हुपरी रस्ता ऊस वाहतुकीचा रस्ता आहे. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर एकामागं एक दोन ट्रॉल्या ओढत जातात, काही हुपरीच्या जवाहर कारखान्याकडं, काही कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याकडं. पहिली ट्रॉली शेजारून गेली म्हणून आपण पाऊल टाकतो तर मागून दुसरी तिरकी येते. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेल्या असतात. सांजेला, विशेषतः मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, दिसतच नाही. चालणाऱ्यानं जायचं ते डांबर संपल्यानंतरच्या साइडपट्टीवरून, आणि साइडपट्टी कुठं खचलेली, कुठं तिच्यावर दुकानाची पायरी आलेली, कुठं टेम्पो लावलेला, कुठं गटारीवरची फरशी हललेली. मग माणूस डांबरावर उतरतो. पायी चालणारी बाई मध्येच रस्त्यावर का आली, असं हॉर्न वाजवणाऱ्याला वाटतं. ती मध्ये आलेली नसते, तिची जागा संपलेली असते.

या सगळ्यातून माझी एक वाट तयार झाली आहे. उन्हाळ्यात सकाळी कुठली बाजू सावलीची आणि दुपारी कुठली, कुठल्या दुकानासमोर बाकडं आहे, कुठल्या गल्लीत कुत्री अंगावर येतात, पावसाळ्यात कुठं पाणी साठतं आणि कुठल्या बोळातून गेलं तर रस्ता टाळता येतो. आणखी एक गोष्ट आहे जी आमच्या व्यवसायात कुणी तोंडावर बोलत नाही. दिवसभर बाहेर असलेल्या बाईला लघवीला जायला जागा लागते. पुरुष एजंटाला हा प्रश्नच पडत नाही. मी पहिली काही वर्षं पाणी कमी प्यायचे. डॉक्टरांनी त्यावरून सुनावलं. पाणी कमी, झोप कमी, वेळेवर जेवण नाही, हे माझ्या आजाराला चालत नाही. मग मी खातेदार बायकांनाच विचारायला सुरुवात केली. एकीनंही नाही म्हटलं नाही. आज माझ्या वाटेवरची अशी चार घरं ठरलेली आहेत, आणि त्या घरांतल्या बायका मला दारात बघितलं की न विचारता मोरीकडं हात करतात. एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात बाईची ही सोय ओळखीवर चालावी, हे मला पटत नाही.

तीन वर्षांपूर्वी हुपरी रस्त्याच्या कडेला मला आकडी आली. त्याआधी मोठा काळ गोळ्यांवर नीट गेला होता. त्या दिवशी ऊन होतं, आदल्या रात्री घरात आजारपण असल्यानं झोप झाली नव्हती. मला आठवतं ते फक्त तोंडात लोखंडाची चव आल्यासारखं झालं, आणि मग डोळे उघडले तेव्हा गॅरेजमधला पोरगा माझ्या डोक्याखाली त्याचा शर्ट घालून बसला होता. भाजीवाल्या मावशींनी मला एका कुशीवर वळवून धरलं होतं. कुणी कांदा नाकाला लावला नव्हता, कुणी चप्पल हुंगायला दिली नव्हती, कुणी तोंडात चमचा कोंबला नव्हता. पिशवी मावशींच्या मांडीखाली होती, एक रुपया हललेला नव्हता. गॅरेजवाला म्हणाला, "काकी, घड्याळ लावलं हुतं. दोन मिन्टांत थांबलं. पाच झाली असती तर रिक्षा बोलावणार हुतो."

हे त्याला माहीत होतं, कारण मी सांगून ठेवलं होतं. वाटेवरच्या नेहमीच्या सगळ्या माणसांना मी कधीतरी, पावती देता देता, सांगितलेलं आहे. मला असं होऊ शकतं. झालं तर आजूबाजूचं लागण्यासारखं काही असेल ते बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी घाला, कुशीवर वळवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा सुरू झालं तर दवाखान्यात न्या. माझ्या पिशवीत एक कार्ड असतं, त्यावर गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर आहे. सांगताना सुरुवातीला जीभ जड व्हायची. आमच्याकडं हा आजार लपवतात, मुलीचा तर जास्तच. पण सांगितल्यावर एकाही दुकानदारानं खातं बंद केलं नाही. उलट दोन घरांतून मला आत बोलावून हळूच विचारलं गेलं, की आमच्या पोरीलाही असंच होतं, तुम्ही कुठल्या डॉक्टरकडं जाता? त्या दोघी मुली आता गोळ्यांवर आहेत आणि शाळेत जातात.

मी गाडीवरून गेले असते तर आजार अंगावर घेऊन गेले असते आणि वाटेवरच्या माणसांना माझं नावही कळलं नसतं. पायी जाणाऱ्याला सगळे बघतात. माझं संरक्षण तेच आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचं, लहान मुलांचंही तेच असतं. ओळखीची पोरं गाडी थांबवून म्हणतात, "बसा की काकी, सोडतो चौकात." खातेदाराचं पोरगं असेल तर बसते. मागं बसायला डॉक्टरांची मनाई नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस बंद राहिला. मिरजेची रेल्वेही थांबली. कोल्हापुरात पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांपुरतं राखून ठेवलं होतं, दुधाच्या गाड्या पुढं जात नव्हत्या. मुडशिंगीत नदीकाठच्या गावांतली माणसं नातेवाइकांकडं येऊन राहिलेली. त्या दिवसांत चारचाक्या दारात उभ्या होत्या आणि मी रोजच्यासारखी फिरत होते. पैसे गोळा करायला नाही, ते कोण देणार. मी माणसांना त्यांचेच पैसे पोचवत होते. शाखेत परवानगी घेऊन, सही-अंगठा घेऊन, पाचशे-हजार रुपये ज्याच्या त्याच्या हातात. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच. रोजची पिग्मी कशाला ठेवायची हे कुणाला पटवून द्यायची वेळ त्यानंतर माझ्यावर फारशी आली नाही.

आमच्या गावावरून विमानं उतरतात. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, हा विमानतळ झाला. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, विस्तारासाठी मुडशिंगीचीही जमीन गेली. धावपट्टी १,९३० मीटरची आहे. माझ्या चालीनं पंचवीस मिनिटं. मला विमानाचा राग नाही. आमच्या भागातल्या पोरांना त्यातून काम मिळावं हीच इच्छा आहे. पण पंचवीस मिनिटांच्या अंतरासाठी जमीन मोजून, आखून, सपाट करून, दिवे लावून देता येतं हे त्यातून दिसतं. बसथांब्यापासून शाळेपर्यंतचं अंतर तर त्याहून कमी आहे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळजवळ पाचातलं एक. भारतीय रस्ते काँग्रेसचं पादचाऱ्यांविषयीचं मानक सांगतं, की पदपथावर चालण्यासाठी मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. त्यात खांब, पायऱ्या, झाडाचे कट्टे धरायचे नाहीत. १.८ मीटर म्हणजे दोन बायका समोरासमोरून बुट्ट्या घेऊन जाऊ शकतील एवढी जागा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्यायोग्य पदपथ मिळणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अपंग माणसांनाही ते वापरता आले पाहिजेत. पीएम ई-बस योजनेत कोल्हापूरसाठी शंभर विजेच्या बस मंजूर आहेत. त्या याव्यात, लवकर याव्यात. पण ती बस धरायला सत्तरीची बाई साइडपट्टीवरून ट्रॉली चुकवत येणार असेल, तर नव्या बसचा तिला निम्माच उपयोग.

माझं मागणं फार नाही. हुपरी रस्त्यावरच्या थांब्यापासून शाळा, दवाखाना आणि दूध संस्थेपर्यंत एका बाजूनं तरी सलग, गाडी न चढणारी, १.८ मीटर रुंदीची पायवाट. थांब्यावर शेड आणि बसायला बाक. थांब्यावर रात्री जळणारा एक दिवा. बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, दिवसभर उघडं असणारं शौचालय. हंगामात ऊसवाहू ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर असल्याशिवाय भरायचं नाही, हा नियम पाळणं कारखाने, वाहतूकदार आणि शेतकरी तिघांच्या हातात आहे. यातलं निम्मं काम सरकारी खात्याच्या रस्त्यावरचं आहे आणि निम्मं गावच्या हद्दीतलं. गावाच्या विकास आराखड्यात ते लिहून घ्यावं लागतं, आणि लिहून घ्यायची जागा ग्रामसभा आहे.

ग्रामसभेत बोलायला उठतात ते बहुतेक गाडीवरून आलेले पुरुष. म्हणून पार्किंगवर चर्चा होते. पण ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, अशी कायद्यातच तरतूद आहे, आणि तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं ठेवावं लागतं. मी यंदा माझ्या खातेदार बायकांना पावतीबरोबर हेच सांगत फिरते आहे. मी अर्ज लिहिला आहे, त्यावर सह्या आणि अंगठे घेते आहे. तुम्ही कुठल्याही गावात राहत असाल, तुमच्या घरात गाडी असो वा नसो, शाळेत चालत जाणारं एखादं पोर आणि देवळात चालत जाणारी एखादी म्हातारी घरात असणारच. सभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात. ती बघा, त्या दिवशी तासभर काढा, आणि पायी चालणाऱ्यांची जागा कुठं आहे, एवढं उभं राहून विचारा.